हललेला फोटो

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक फोटो स्टुडिओ आहे. तो चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली जराबाई म्हणते. "जरा मान वर. जरा डावीकडे. जरा हसा. एवढं नको, जरा." दिवसभर त्यांच्या तोंडून हेच निघतं, म्हणून हे नाव पडलं. त्यांना ते ठाऊक आहे. एकदा पार्सल घेऊन आलेल्या माणसाने पाकिटावरचं त्यांचं खरं नाव वाचून समोरच्या चावीवाल्याला पत्ता विचारला, तर चावीवाल्याने "असं इथे कोणी राहत नाही" म्हणून त्याला परत पाठवलं. पुढे चावीवाला पासपोर्ट फोटो काढायला आला तेव्हा बाईंनी मुद्दाम त्याची मान तिरकी धरून एक कान वर आणि एक खाली आणला, असं तो अजून सांगत फिरतो. बाई म्हणतात, कान मुळातच तसे आहेत.

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी ओळखीच्या एखाद्या माणसाबद्दल लिहा, असं मला सांगण्यात आलं. मला लिहिण्याची सवय नाही. गल्लीत माझ्यापेक्षा बरं लिहिणारे आहेत. पण रोज सकाळी जराबाईंच्या दुकानात जाऊन बसणारा मी एकटाच, म्हणून ते माझ्याकडे आलं असावं. घरी मी एकटा असतो. दुकानात गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या आहेत, त्यांतली भिंतीकडची माझी. फोटो काढायला आलेल्याच्या हातात आरसा आणि कंगवा देणं एवढं काम मी आपणहून अंगावर घेतलं आहे. कोणी मला तसं सांगितलेलं नाही, पण कोणी नकोही म्हटलेलं नाही.

पुढे काचेचं काउंटर, बाजूला झेरॉक्सचं मशीन, मग एक निळा पडदा. पडद्यामागे स्टूल, पांढरी भिंत आणि छत्र्या लावलेले दोन दिवे. त्याच्याही मागे एक चिंचोळी खोली आहे. तिथे कॉम्प्युटर आणि छतापर्यंत व्हिडिओच्या टेपा. स्टुडिओ मुळात बाईंच्या दादाचा. दादा लग्नाच्या शूटिंगची कामं घ्यायचा. खांद्यावर अवजड कॅमेरा घेऊन तो पुढे आणि दिवा उंच धरून बाई मागे, असे दोघं भाऊबहीण जायचे. त्या टेपांमधून दादाचा आवाज अजून ऐकू येतो: "जरा वर धर. जरा पुढे ये गं." म्हणजे 'जरा' हीसुद्धा मूळ त्याचीच मालमत्ता.

मग सगळ्यांच्याच खिशात कॅमेरे आले. दादा दुसऱ्या गावी गेला आणि तिथे जागांच्या खरेदी-विक्रीत पडला. आता त्याच्यापुढे कॅमेऱ्याचं नाव काढलं की तो विषय बदलतो. जाताना बहिणीला म्हणाला होता, "या टेपा रद्दीत घाल." बाईंनी घातल्या नाहीत. सवड मिळेल तशी एकेक टेप मशीनला लावून त्यांनी सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या.

"एवढ्या लग्नांना तुम्ही हजर होतात," मी एकदा म्हटलं, "मग कुठेतरी दिसत असाल की."

"दिसते ना. ही काय." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. मांडवाच्या भिंतीवर एक सावली पडली होती. हात उंच धरलेला, पाठीवर वेणी. "जरा जाड दिसतेय, पण मीच आहे."

त्यांनी लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यामुळे ते इथे लिहिता येत नाही.

दुकानाबाहेर पाटी आहे: 'व्हिडिओतून फोटो काढून मिळेल.' ज्यांचा एकही चांगला फोटो नाही, पण जे कुठल्या तरी व्हिडिओत चालताना, जेवताना, कोणाच्या तरी मागे उभे असलेले सापडतात, त्यांची माणसं इथे येतात. एक गृहस्थ तर पाडलेल्या घराच्या जिन्यासाठी आले होते. या कामासाठी बाईंकडे एक छोटंसं सॉफ्टवेअर आहे. फुकट मिळालेलं. पडद्यावर त्याची खिडकी पोस्टकार्डाएवढी उघडते आणि तिच्यात मोजून चार बटणं असतात. मला त्यांनी ते समजावून सांगितलं होतं. "व्हिडिओ म्हणजे वेगळं काही नसतं, काका. नुसते फोटोच. सेकंदाला पंचवीस. पत्त्यांची गड्डी भर्रकन सोडली की चित्र हलल्यासारखं वाटतं ना, तसं. हे बिचारं त्या गड्डीतला एकेक पत्ता काढून हातात देतं."

दर कितवा फोटो ठेवायचा त्याचा आकडा घालायला एक चौकोन आहे. खाली आणखी एक छोटा चौकोन आहे, त्यावर बरोबरची खूण केली की सॉफ्टवेअर हललेले, पुसट फोटो आपणच गाळून टाकतं आणि स्वच्छ तेवढे ठेवतं. बाईंनी ही खूण पहिल्या दिवशी केली ती कायमची. कारण दादाचा नियम: या दुकानातून हललेला फोटो बाहेर जाणार नाही. प्रत्येक फोटोच्या मागे स्टुडिओचा गोल शिक्का असतो. दादा गेला, पण शिक्का आणि नियम दोन्ही राहिले.

एक दिवस सकाळी मास्तर आले. मास्तर म्हणजे मागच्या गल्लीतले टेलरमास्तर. माझ्या अंगावरच्या बहुतेक विजारी त्यांनीच शिवलेल्या. माणूस नाकासमोर चालणारा. दुकानाच्या पायरीवर उभे राहिले, आत काही येईनात.

"बाई, माझा एक फोटो पाहिजे होता."

"या, बसा. काका, मास्तरांना कंगवा द्या."

"आत्ताचा नको," मास्तर म्हणाले. "तेव्हाचा."

मी कंगवा हातात धरून तसाच उभा राहिलो. मास्तर आत आले, खुर्चीच्या अगदी कडेला टेकले आणि बोटांनी गुडघ्यावरच्या शिवणीशी चाळा करत सांगू लागले. त्यांच्या पत्नी विसरभोळ्या झाल्यात, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मी त्यांना वहिनी म्हणतो. पण गोष्ट कुठवर गेली होती ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

"आधी चष्मा विसरायची, मग गॅस. ते मी सांभाळलं. आता मलाच विसरलीय," मास्तर म्हणाले. "म्हणजे नवरा आहे हे तिला माहीत आहे. त्याची वाट बघत असते. फक्त तो मी नाही म्हणते. घरात कोणी म्हातारा येऊन राहिलाय म्हणते. मी ताट वाढलं की हात लावत नाही. परवा तर खिडकीतून शेजाऱ्यांना हाका मारल्या, घरात परका माणूस शिरलाय म्हणून."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय, मी जिन्यात जाऊन बसतो. शेजारणी दोन घास भरवतात. पण त्या तरी किती दिवस करणार?"

रविवारी त्यांची मुलगी येणार होती, आईला आपल्या गावी घेऊन जायला. मुलगी आईला अजून ओळखू येत होती. मी म्हटलं, "मग तुम्हीही जा की बरोबर."

"तिकडे गेलो तरी मी तोच म्हातारा, भाऊ. फक्त जिना दुसरा." ते जरा हसले. "डॉक्टर म्हणाले, जुने फोटो दाखवा, धागा कुठेतरी सापडेल. पण फोटो आहेत कुठे? आयुष्यभर दुसऱ्यांच्या फोटोंतले कपडे शिवले. मुलीच्या लग्नाची शूटिंग तुमच्या दादाने केली होती, तेवढं आठवलं. त्यात मी कुठे असलो तर बघा. ती गेली की परत येणार नाही, बाई. म्हणजे येईल, पण तोवर वाट बघायचंसुद्धा विसरलेली असेल."

बाई उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. टेप मिळायला वेळ लागला नाही, कारण टेपांच्या पाठीवर दादाचं ठसठशीत अक्षर आहे. सॉफ्टवेअरने आपलं काम केलं. बाईंनी त्यातून तीन फोटो निवडले. जुन्या टेपांवरच्या चित्रात हलत्या गोष्टींच्या कडांना कंगव्यासारखे दात दिसतात, ते त्यांनी घालवले. चेहऱ्यावर जरा उजेड आणला. तिन्हींत मास्तर ताठ उभे, काळा कोट, डोळे उघडे, नजर समोर. एकात व्याह्यांचा हात हातात. मला तर फारच छान वाटले. दुपारी मास्तर आले, फोटो रुमालात गुंडाळून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी परत आले. रुमाल हातात तसाच.

"काय म्हणाल्या काकू?" बाईंनी विचारलं.

"नीट बघितले. तिन्ही. मग म्हणाली, हे गृहस्थ विम्याचे का? आणि मला बजावलं, काही सही करू नका."

चावीवाला झेरॉक्ससाठी आत आला होता, तो फिस्सकन हसला. मास्तरही हसले. मग हसू संपलं आणि ते रुमालाची गाठ सोडत, परत बांधत बसले. चावीवाला झेरॉक्स न घेताच बाहेर गेला.

बाईंना मात्र लागलं. "फोटोत खोट काय आहे?" त्या म्हणाल्या. "चेहरा समोर आहे. डोळे उघडे आहेत. कोटाची बटणं मोजता येतील."

"खोट काहीच नाही, बाई. खरं सांगू का, मी पण ओळखलं नसतं. कोट व्याह्यांचा होता. आणि असा ताठ मी जन्मात एवढाच उभा राहिलो असेन. तुमचा दादा सारखा म्हणत होता ना, जरा छाती पुढे."

बाईंनी रुमालातले फोटो काढून घेतले. काउंटरवर एकावर एक रचले. पुन्हा पसरले. मग कोणाच्या डोक्यात येणार नाही असा प्रश्न त्यांनी विचारला.

"मास्तर, काकू तुमच्याकडे बघायच्या कधी?"

मास्तरांचे कान लाल झाले. या वयात असं कोणी विचारत नाही. "आता काय सांगू," ते म्हणाले. "मशीन दारातच. ती आत-बाहेर करायची. मी मान वर करायचोच नाही, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं. ती चहा ठेवायची आणि माझ्या मानेशी बोलायची. सगळं भांडणसुद्धा मानेशीच. फार झालं तर मी खालूनच डोळे वर करून बघायचो. तोंडात टाचण्या, बोलणार काय?"

"असं?" बाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत थांबा."

मास्तर गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "काका, मी सगळे पुढून बघितलेले फोटो काढले. तसे मास्तर काकूंनी कधी बघितलेच नाहीत."

आणि त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. सॉफ्टवेअरच्या त्या छोट्या चौकोनातली बरोबरची खूण काढून टाकली. आता हललेले, पुसट, अर्धे, सगळेच फोटो यायचे होते. घाईत आकडाही एक घातला. म्हणजे एकही फोटो न वगळता सबंध लग्न. मी मागे उभा होतो, पण मला त्यातलं काय कळतं? सॉफ्टवेअर कामाला लागलं. जेवायच्या सुमारास कॉम्प्युटर घरघर करून जागच्या जागी थिजला. आत जागाच उरली नव्हती. त्याच वेळी परीक्षेसाठी फोटो हवा असलेली एक मुलगी काउंटरवर उभी होती.

"जरा थांब गं," बाईंनी आतून सांगितलं.

"मावशी, जरा म्हणजे किती?" ती म्हणाली. "परीक्षा यंदाच आहे."

मुलीचा फोटो काढला, पण छापायला मशीन मोकळं नव्हतं. बाईंनी एकदा कपाळावर हात मारला आणि ती सगळी रास पुसून टाकली. मुलीचं काम उरकलं. मग बाहेर 'थोड्या वेळात येते' असा पुठ्ठा लटकवला आणि त्या कॉम्प्युटरसमोर ठिय्या देऊन बसल्या. आता सॉफ्टवेअरवर काही सोपवायचं नव्हतं. बाण असलेल्या कळीवर बोट ठेवलं की एक फोटो पुढे, दुसऱ्या कळीने एक मागे. मला शेजारी स्टूल दिलं. म्हणाल्या, "माझं लक्ष चेहऱ्याकडे जातं. सवयच आहे. तुम्ही जमिनीकडे बघा. मास्तर कुठे खाली बसलेले दिसले की सांगा."

मला असं काम आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. मी डोळ्यांत तेल घालून बघत राहिलो. लग्नात जमिनीलगत खूप काही चालू असतं. चपलांचा ढीग, रांगणारं एक मूल, कोणाचा तरी निसटलेला रुमाल, खुर्चीखाली झोपलेला एक पाहुणा. मास्तर नव्हते. मधूनमधून बाई आवाज चालू करायच्या आणि दादा म्हणायचा, "जरा वर धर." बाई लगेच आवाज बंद करायच्या.

दुपार कलली तेव्हा आम्ही नवरीच्या खोलीपर्यंत आलो. दादा नवरीचा चेहरा घेत होता. तेवढ्यात दाराकडून कोणी तरी हाक मारली असावी, कारण कॅमेरा झटक्यात दाराकडे वळला. वळताना वाटेतलं सगळं फराटे मारल्यासारखं झालं होतं. बाईंचं बोट कळीवर चालूच होतं. मी म्हटलं, "मागे. जरा मागे."

"मला 'जरा' शिकवताय?" असं म्हणत त्यांनी एकेक फोटो मागे घेतला.

खालच्या कोपऱ्यात मास्तर होते. नवरीच्या पोशाखाची किनार शेवटच्या घटकेला उसवली असावी. ते उकिडवे बसून ती धरत होते. कोट काढलेला, बाह्या दुमडलेल्या. मान खाली, पण डोळे वर. ओठांत टाचण्या, त्यामुळे तोंड एका बाजूला ओढलेलं, रागावल्यासारखं. किनार उचलून धरणारा एका बाईचा हात कडेला आला होता, मनगटापर्यंतच. ते डोळे त्या हाताच्या धनिणीकडे लागले होते. सगळं चित्र हललेलं. गळ्यातली मापाची टेप म्हणजे नुसती एक पांढरी रेघ.

बाईंनी एक फोटो मागे जाऊन बघितलं. तिथे मास्तरांऐवजी कापडच कापड. एक पुढे गेल्या, तर मास्तर म्हणजे नुसता एक करडा फराटा. दोन्हींच्या मध्ये हा एकच.

"हललाय," बाई म्हणाल्या.

"हललाय," मी म्हटलं.

"दादाने फेकून दिला असता."

त्यांनी तो साफ करायचा प्रयत्न केला. कडा धारदार केल्या. मास्तर एकदम दगडाचे झाले. परत पहिल्यासारखं केलं. उजेड वाढवला, तर ओठांतल्या टाचण्या दिसेनाशा झाल्या. तेही परत केलं. "काका, मी जितकी यांना सुधारते तितके ते मास्तर राहत नाहीत," असं म्हणून त्यांनी माउस बाजूला सारला आणि फोटो होता तसा छापला. मागे शिक्का मारायची वेळ आली तेव्हा हात थबकला. शिक्क्यावर उगाच फुंकर घातली. मला वाटलं, आता हा फोटो बिनशिक्क्याचाच जाणार. पण त्यांनी शिक्का दाबून मारला, नेहमीपेक्षा जास्तच जोरात. "दादाला कोण सांगायला जातंय?" त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी आम्ही दोघं फोटो घेऊन मास्तरांकडे गेलो. मास्तर जिन्यातच बसले होते. आम्हाला बघून उठले, पायजमा झटकला. मी फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "हा तिचा हात." स्वतःबद्दल एक अक्षर नाही.

दारात बॅग भरून ठेवलेली होती. मुलगी आईचे केस विंचरत होती. आम्ही आत गेलो, मास्तर मात्र उंबऱ्याबाहेरच थांबले. वहिनींनी बाईंना ओळखलं नाही, मलाही नाही, पण बसा म्हणाल्या.

"काका, आता परत फोटो नका दाखवू तिला," मुलगी हळूच म्हणाली. "मी आल्यापासून विचारतेय, तो विमेवाला गेला का. बाबांना त्रास होतो. मलाही काय हौस आहे का या दोघांना वेगळं करायची? पण ती जेवतच नाही हो."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी परत फिरलो असतो. पण बाई सरळ वहिनींच्या समोर जमिनीवर बसल्या. "काकू, हा एक फोटो जरा बघता? चांगला नाही आलाय. हललाय."

वहिनींनी फोटो घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मुलीचा कंगवा केसांतच थांबला होता.

"गिळेल एक दिवस टाचणी," वहिनी म्हणाल्या. "किती वेळा सांगितलं. डबी दिलीय घेऊन, तर तोंडातच धरायच्या. ऐकेल तर शपथ."

वहिनींनी फोटोवरून अंगठा फिरवला. "वाळलाय किती. मुलीच्या लग्नाचं काम एकट्याने ओढायचं म्हणजे काय." मग मान वर केली. "कुठे आहे तो?"

मुलगी काही तरी बोलणार होती. "आई, अगं हे काय," एवढं तिच्या तोंडून निघालंही. पण उंबऱ्याबाहेरून मास्तर आधी बोलले.

"माप घ्यायला गेलाय. येईल."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. मी वहिनींच्या हातांकडे बघत होतो, कारण चेहऱ्याकडे बघण्याचं धैर्य नव्हतं. फोटो त्यांनी घट्ट धरला होता.

"तुम्ही त्याच्या ओळखीचे?"

"हो," मास्तर म्हणाले. "जुनी ओळख आहे."

"मग बाहेर का उभे? आधी सांगायचं नाही का?" वहिनी म्हणाल्या. "या, आत बसा. तो येईपर्यंत थांबा. तुम्हाला तसंच परत पाठवलं तर मलाच बोलेल."

मास्तर आत आले आणि मशीनपुढच्या स्टुलावर बसले. वहिनींनी मुलीला सांगितलं, "अगं, यांना पाणी दे. दमलेले दिसतात." मुलीने पाणी आणलं. पेला देताना तिचा हात वडिलांच्या हातावर जरा जास्त वेळ राहिला. मास्तर पाणी प्यायले. बाई उठल्या आणि मला डोळ्यांनी चला म्हणाल्या. जिन्यात आल्यावर त्यांनी पदराने नाक पुसलं. "इथे फार धूळ आहे," असं काहीतरी म्हणाल्या. जिना नुकताच झाडलेला होता.

बॅग त्या दिवशी गेली नाही. मुलगी चार दिवस राहिली, मग एकटीच परत गेली. जाताना दुकानात येऊन तिने बाईंकडून तोच फोटो आणखी एक छापून घेतला. बाई म्हणाल्या, "पुसट आहे हं." ती म्हणाली, "असू दे."

वहिनी बऱ्या झाल्या असं मी लिहिणार नाही. तसं झालेलं नाही. मास्तर अजून त्यांच्या लेखी नवऱ्याच्या ओळखीचे कोणी तरी आहेत, आणि काही दिवशी तेही नव्याने सांगावं लागतं. पण त्या त्यांच्या हातचं जेवतात. फोटो उशीपाशी असतो. मास्तरांनी बाहेरचं काम कमी केलं. दारातलं मशीन चालू असलं की वहिनी शांत असतात, असं ते म्हणतात.

जराबाईंच्या कामात एक फरक पडला आहे. पूर्वी कोणी व्हिडिओ घेऊन आला की त्या विचारायच्या, फोटो कोणाचा? आता विचारतात, फोटो कोण बघणार आहे? लोक गोंधळतात. एक जण तर रागावला, म्हणाला, तुम्हाला काय करायचंय? बाईंनी त्याला शांतपणे खुर्ची दिली आणि बसा म्हणाल्या. मग तो बोलू लागला तो चांगला तासभर. सॉफ्टवेअरच्या त्या चौकोनातली बरोबरची खूण मात्र त्यांनी परत केलेली मी बघितलेली नाही.

गेल्या आठवड्यात मास्तर बटणं घ्यायला निघाले होते, ते वाटेत दुकानात डोकावले. यावेळी आत येऊन सरळ खुर्चीत बसले. चेहरा असा, की काहीतरी सांगायचं आहे पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही.

"काल तिने चहा केला," ते म्हणाले. "मी गॅसपाशी उभा होतोच. पण केला तिनेच. दोन कप भरले. एक मला दिला, म्हणाली, तुम्ही घ्या. दुसऱ्यावर बशी झाकली, म्हणाली, हा त्याचा, माप घेऊन आला की घेईल."

"मग?" बाईंनी विचारलं.

"तिला झोप लागली. मग तो पण मीच प्यायलो. टाकून कशाला द्यायचा?"

"बरं केलंत."

मास्तर उठले. दारापर्यंत गेले आणि तिथून, आमच्याकडे न बघता म्हणाले, "पाहुण्याच्या चहात साखर बेताचीच होती, बाई. त्याच्या कपात दोन चमचे होती. मला लागते तशी."